जोत्यातले दगड

हिवरटाका, जि. बीड
४ डिसेंबर १९७२

धुळाजीस सुंदररावचा रामराम.

तुझा पत्ता म्हणावा असा पत्ता नाही, म्हणून चकलांब्याला तुझ्या मेव्हण्याच्या, सटवाच्या नावावर हे पत्र टाकतो. गंगथडीला, गोदेच्या काठानं, मेंढरं घेऊन हिंडताना तू अधूनमधून त्याच्याकडे टेकतोस, एवढं मला माहीत आहे. सटवाला वाचता येतं. तो वाचून दाखवील.

इकडचं ठीक आहे. ठीक म्हणजे तू बघून गेलास तसंच. तळ्यात आता चिखलसुद्धा राहिला नाही. माणसं सडकेच्या कामावर खडी फोडायला जातात, पोरांना सुकडी मिळते, रेशनला ती लाल मिलो ज्वारी येते. तिची भाकरी नीट थापता येत नाही म्हणून तुझी वैनी बायना रोज कुरकुरते आणि रोज थापते.

सारजामाय बरी आहे. आईला एकटीला वस्तीवर टाकून गेला, असं गावात एक-दोन तोंडांनी बोलून पाहिलं. मीच गप्प केलं. गुडघ्यामुळं तिला चालवत नाही आणि तुझ्या घोड्यावर बसायला ती तयार नव्हती, हे मला ठाऊक आहे. तिचा जिम्मा माझा. आमच्या घरून भाकरी जाते.

तू न सांगता गेलास. मीटिंगीतलं बोलणं मनावर घेतलंस असं दिसतं. अरे, सोसायटीची मीटिंग होती. चेअरमन म्हटल्यावर मला सगळ्यांदेखत दोन शब्द कडक बोलावे लागतात. गोदामाला मंजुरी आलीय. मार्चच्या आत जोतं वर दिसलं नाही तर मंजुरी माघारी जाते. विठ्ठलराव म्हणाले की तळं कोरडं पडलंय, बांधाचा दगड घडीव आहे, आणि सरकार वरच्या अंगाला नवा पाझर तलाव करणारच आहे, मग जुना बांध कशाला ठेवायचा? सूचना व्हाईस चेअरमनची होती, माझी नव्हती. तू तेवढ्यात दारातून उठून म्हणालास, "ते पान्याचं घर हाय. धनी गावाला गेला म्हून त्याचं घर पाडता व्हय रं?" लोक हसले. मग मी जे बोललो ते बोललो. ते काही मनातून नव्हतं.

अजून दगडाला कुणी हात लावलेला नाही. राग गेला असला तर सटवाकडून चार ओळी कळव.

तुझा
सुंदरराव


हिवरटाका
२६ फेब्रुवारी १९७३

धुळाजीस रामराम.

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं धरून चालतो.

काम सुरू झालं आहे. बाजारात कुणी ना कुणी भेटून तुला सांगितलंच असेल, तरी माझ्याकडून कळलेलं बरं. सांडव्याच्या बाजूनं सुरुवात केली. जुना चुना इतका कडक की पहार उडून माघारी येते. पहिला दगड निघायला अख्खी सकाळ गेली, पुढचे मात्र भराभर निघाले. एक गोष्ट तू विचारात घे, माणसांना गावातच काम मिळालं. खडीवर ऊन डोक्यावर घेत जाण्यापेक्षा हे कधीही बरं. मला दुवा देतात लोक.

सारजामाय एक दिवस काठी टेकत तिथं आली आणि तळ्याच्या कोरड्या अंगाला, उघड्यावर बसून राहिली. तिच्याकडे बघून गड्यांचे हात थांबले. मला बोलावणं आलं.

मी म्हटलं, "माय, उन्हात कशाला बसलीस?"

ती म्हणाली, "हितं बांदाची सावली पडत व्हती. कुटं गेली ती बघायलेय."

मी तिला हाताला धरून वस्तीवर पोचवलं. वाटेत ती दुसरंच काही बोलत होती, तुझ्या बापाच्या एका मेंढ्याचं. मीही हूं हूं करत राहिलो.

गोदामाचं जोतं झकास झालं आहे. साहेबानं येऊन बघितलं, पाठ थोपटली. थोडे दगड उरले. ते तळ्यावर नेऊन परत कुठं रचायचे, म्हणून आमच्या दारात आणून टाकले आहेत. तात्पुरते.

मेंढरं कशी आहेत? मर लागली असं ऐकलं. खोटं असावं.

सुंदरराव


हिवरटाका
१९ मे १९७३

धुळा,

काल तू आलास तेव्हा मी घरात होतो.

हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पान भरेल आणि ते राहून जाईल. तुझी हाक ऐकली आणि मी माजघरात धान्याच्या कणगीमागं जाऊन उभा राहिलो. कणगी रिकामी होती. बायनाला हातानंच खूण केली, नाहीत म्हणून सांग. तिनं माझ्याकडे असं बघितलं की तसं तिनं लग्न झाल्यापासून कधी बघितलं नव्हतं. पण ती बाहेर गेली आणि म्हणाली, "घरी न्हाईत, धारूरला गेलेत."

माझ्या चपला दारात होत्या. धारूरच्या बाजारात तूच त्यांना टाचा बसवून आणल्या होत्यास, त्या तुला ओळखू येणार नाहीत असं कसं होईल. तू म्हणालास, "बरं वैनी. आले की सांगा, धुळा येऊन गेला." तुझा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मी तरातरा बाहेर आलो असतो.

आणि तू उभा होतास तो ओटा नवा होता. खालचा दगड तू ओळखला असशीलच. तात्पुरते आणलेले दगड मी मार्चमध्येच ओट्याला लावून घेतले. उरलेले नव्हते ते. उरावेत म्हणून जास्तीचे काढायला लावले होते. आमच्या दारात बसायला नीट जागा नव्हती, चेअरमनकडे चार माणसं येतात, असं मी बायनाला सांगितलं. तुला ते लिहिलं नाही.

तू आईला घोड्यावर बसवून नेलंस ते मी खिडकीच्या फटीतून बघितलं. तिनं दोन्ही हातांनी घोड्याची आयाळ धरली होती. आमच्या दाराशी तिनं घोडा थांबवायला लावला आणि बायनाच्या हातात तांब्या दिला. भाकरीबरोबर ताक द्यायला आमच्या घरून गेला होता, तो. घासून लख्ख केलेला. "तुमचा तांब्या, बाई," म्हणाली. तुमचा! ज्या बाईनं मला, माझी आई गेल्यावर, तुझ्या ताटात जेवायला बसवलं, ती आमचा तांब्या परत करून गेली, आणि मी खिडकीआड उभा.

मीटिंगीत मी काय बोललो ते पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं, कारण सटवा ते वाचून दाखवणार होता. आता लिहितो. सटवा, न गाळता वाच. मी म्हणालो, "तू सभासद न्हाईस, भाईर बस. ज्याचं बिऱ्हाड घोड्यावर, त्याला गाव कसलं?" लोक तुझ्या बोलण्यावर हसले होते, त्याहून जास्त माझ्या बोलण्यावर हसले. मला ते बरं वाटलं होतं. तू पागोटं नीट केलंस आणि उठून गेलास.

तू माफ कर असं लिहिणार होतो. पण जो माणूस समोर असताना कणगीमागं लपतो, त्यानं कागदावर माफी मागावी, हे मलाच पटेना.

सुंदरराव


हिवरटाका
८ ऑगस्ट १९७३

धुळाजी,

पाऊस झाला. तुमच्याकडेही झाला असणार. मेंढरं आता भिजून आजारी पडतात, तेव्हा उंचावर बसव, हे मी तुला सांगण्यात काही अर्थ नाही.

तळं भरलं होतं. दोन दिवस असा धो धो ओढा आला की पाणी बांधाला लागलं, आणि सांडव्याच्या अंगाला आपण जिथं दगड काढले होते तिथून मुरूम वाहायला सुरुवात झाली. आपण नाही, मी. गडी पोती घेऊन धावले. मीही धावलो. पोत्यात माती भरायची आणि टाकायची, आणि पाण्यानं ती नुसतं कागदागत उचलून न्यायची. दुपारपर्यंत भगदाड बैलगाडी जाईल एवढं झालं. संध्याकाळी तळ्याच्या मधोमध चिखल दिसत होता. एवढ्या दुष्काळानंतर आलेलं पाणी, गावानं काठावर उभं राहून जाताना बघितलं.

मला कुणी काही बोललं नाही. हे मी तुला सांगतो कारण तुला वाटेल की शिव्या घातल्या असतील. एकानंही नाही. बायकांनी पदर नीट केले, घागरी कमरेला लावल्या आणि विहिरीकडे निघाल्या. माणसं बाजूनं गेली. मी वाट अडवून उभा होतो म्हणून एका म्हातारीनं फक्त म्हटलं, "सरक बाबा."

विठ्ठलराव म्हणाले, निसर्गापुढं कुणाचं चालत नाही. नव्या पाझर तलावाचं विचारायला मी बीडला जाऊन आलो. पाऊस पडला, दुष्काळी कामं बंद झाली, त्यात तोही बंद. आखणीचे खुंट तेवढे ठोकलेले आहेत, त्यांना बकऱ्या बांधतात.

आता खरी गोष्ट. ते पाणी भगदाडातून सरळ बांधाखालच्या तुझ्या वस्तीवर गेलं. तुझ्या घराची ओढ्याकडची भिंत नाही आता. सारजामायची बाज जिथं असायची ती जागा मी जाऊन बघितली. तिथं ओढ्यातला गोटा येऊन बसलाय, माझ्या गुडघ्याएवढा. घरात कुणी नव्हतं. कारण मेमध्ये तू तिला घेऊन गेलास.

मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं, तिचा जिम्मा माझा. तू माझ्या जिम्म्यावर विसंबला असतास तर आज मी हे पत्र लिहीत नसतो, दुसरंच काही कळवायची वेळ माझ्यावर आली असती. तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही. बायना विचारते, काय झालं. मी पोटाचं सांगतो.

तिला यातलं काही सांगू नकोस. घर पडलं एवढंच सांग.

सुंदरराव


हिवरटाका
३० डिसेंबर १९७३

धुळाजीस रामराम.

तू उत्तर देणार नाहीस हे मी आता धरून चाललो आहे. तरी लिहितो.

ओटा फोडला. दिवाळी झाल्यावर एका सकाळी पहार घेतली आणि पहिला घाव घातला. बायना चुलीपुढून उठून आली. मला वाटलं, आता ओरडणार. तिनं विचारलं, "समदा फोडणार का नुसता दाखवायपुरता?" मी म्हटलं, सगळा. तर तिनं पदर खोचला आणि सुटलेले दगड बाजूला ओढायला लागली. दुपारी पाणी पिताना म्हणाली, "तुमी आत लपलात त्या दिवशी मला खोटं बोलाय लावलंत. धुळाभाऊजींचं तोंड मला रोज दिसतंय." एवढंच. पण मे महिन्यापासून ती ते पोटात घेऊन हिंडत होती, आणि मला वाटत होतं की लाज फक्त मला एकट्याला आहे.

दगड बैलगाडीनं तळ्यावर नेले. आमच्या ओट्याच्या दगडांनी भगदाडाचा एक कोपरासुद्धा भरेना. मग सोसायटीची मीटिंग बोलावली आणि उभा राहून म्हटलं, गोदामाच्या जोत्यातले दगड काढू, गोदाम विटांवर घेऊ, माझ्या हातून चूक झाली. चूक झाली असं चेअरमन म्हणतोय म्हटल्यावर पहिल्यांदा कुणाला बसून ऐकावं की उठावं तेच कळेना. विठ्ठलराव शांतपणे म्हणाले, "गोदामात खत भरलंय. सुंदरराव, तुमची तब्येत बरी न्हाई." लोकांना ते पटलं. मी राजीनामा दिला तोही त्यांनी लगेच मंजूर केला. आता विठ्ठलराव चेअरमन आहेत.

चेअरमन येडा झाला, असं पोरं मागून म्हणतात. म्हणू देत. मी आणि बायना रोज सकाळी डोंगराच्या कडेचे दगड गाडीत घालून नेतो. घडीव नाहीत, पण दगड आहेत. सुरुवातीला आम्ही दोघंच होतो. मग विहिरीवर लांब जाणाऱ्या बायका येताजाता पाटीभर मुरूम टाकू लागल्या. दगडाबाई म्हणून खालच्या आळीची आहे, तिनं एक दिवस मला तोंडावर सांगितलं, "तुमच्यासाठी न्हाई टाकत. आमच्या घागरीसाठी टाकताव." मी म्हटलं, बरं. तिच्यानंतर पुष्कळ जणी आल्या. आता पुरुषही येतात, पण माझ्या गाडीत दगड भरत नाहीत, आपापल्या आणतात.

तुझ्या वस्तीची भिंतही बांधायला घेणार होतो. मग हात आवरला. तुझ्या घराला तुला न विचारता हात लावायचा नाही.

सुंदरराव


हिवरटाका
२१ ऑक्टोबर १९७४

धुळा,

सारजामाय गेल्याचं मला धारूरच्या बाजारात मेंढरांच्या एका खरेदीदाराकडून कळलं. तू निरोप धाडला नाहीस, त्यात काही वावगं नाही. मी आपणहून दहाव्याला आलो.

धारूरहून बीड, बीडहून गेवराई, तिथून चकलांबा, एवढ्या सगळ्या वाटेनं मी एक वाक्य घोकत होतो. कंडक्टरनं तिकीट विचारलं तरी ते तोंडातून निघालं असतं. तुमच्या लोकांनी मला बसायला घोंगडी दिली. तुझ्या डोक्याचा चकोट केलेला बघून मी तुला ओळखलंच नाही आधी. तू ओळखलंस. मान हलवलीस आणि कामाला लागलास.

पंगतीत मी कडेला बसलो होतो, नजर पत्रावळीवर ठेवून. वाढणारे दुसरेच होते, मग कसा कोण जाणे, भाताची पाटी घेऊन तू माझ्यापुढं आलास. दोन वर्षांत तू माझ्याशी एक शब्द बोलला नव्हतास. तू म्हणालास, "जेव."

मी जेवलो. पानात काही टाकायचं नाही असं ठरवून मी सगळं संपवलं. सारजामायनं मला पान टाकू दिलं नसतं.

मग मी निघालो, तर तू मागून फाट्यापर्यंत आलास. चिंचेखाली आपण दोघंच होतो. तू विचारलंस, "काय म्हनायचं व्हतं?"

मी म्हणालो, "काय न्हाई. औंदा पाऊस बरा हाय तुमच्याकडं."

तू म्हणालास, "हं."

धुळा, दिवसभराच्या वाटेनं घोकलेलं वाक्य होतं, आणि मी पावसाचं बोललो. तू लगेच माघारी फिरला नाहीस. चिंचेच्या बुडाशी उकिडवा बसलास, काडीनं माती उकरत. मेंढरांच्या पायांना यंदा खुरी आली होती म्हणालास. मी अरेरे म्हणालो. तू माझ्यासाठी थांबला होतास हे मला तेव्हाच कळत होतं. गाडी यायला पुष्कळ वेळ होता. मी रस्त्याकडे बघत बसलो, आणि गाडी दिसली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. तुला पाठमोरा जाताना बघितलं तेव्हा कळलं की मी पुन्हा लपलो. कणगी नव्हती एवढंच.

घरी आल्यावर बायनानं विचारलं, "बोललात?" मी नाही म्हणून मान हलवली. ती आत गेली.

तळ्याचं तुला कळवायला हवं. बांध धरून आहे. सांध्यातून पाझरतो, पूर्वीएवढं पाणी थांबत नाही, पण अजून जनावरं पितात. विठ्ठलरावनं उसासाठी काठावर इंजिन बसवायला काढलं होतं, ते दगडाबाई आणि बाकीच्या बायकांनी बसू दिलं नाही. मी त्यांच्या मागं उभा होतो. पुढं व्हायची माझी लायकी नाही आणि त्यांना गरजही नव्हती. गोदाम आहे तसंच आहे. मी त्या वाटेनं जात नाही.

आता ते वाक्य. सटवा वाचत असेल, आणि त्याच्याभोवती कोण कोण बसलं असेल, बसू दे. धुळा, मी चुकलो. तुला गाव नाही म्हणालो, तेव्हा गाव तुझं होतं. पाणी कुठं राहतं हे तू सांगत होतास, आणि मी लोकांना हसवत होतो. तुझ्या आईचा जिम्मा घेतला आणि तिच्या डोक्यावरचा बांध काढला. तू दारात आलास तेव्हा लपलो.

पण हे सटवाच्या तोंडून तू ऐकावंस, हे काही खरं नाही. या बुधवारी मी पुन्हा येतो. या वेळी दहावं नाही, तेरावं नाही, कुणाचं काही निमित्त नाही. तू परत हिवरटाक्याला ये असं मी म्हणणार नाही, ते तुझं तू ठरव. कळप लांब गेला असला तर सटवाला वाट विचारून तिथं येईन. तुला ऐकायचं नसलं तर तू मेंढरं पुढं घाल, मी मागनं चालेन. बोलून होईपर्यंत या वेळी गाडीत चढणार नाही.

सुंदर